होयाला बांगड्यांचं पाणी

जास्वंदीला कुणी विचारत नाही, तरी ती फुलते. अबोलीचं तेच. आमच्या कुणकेश्वरात मागच्या दारी भांड्यांच्या पाण्यावर वाढलेली कर्दळसुद्धा वर्षभर लालभडक असते. आणि मी, जिने कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, तिच्या वाट्याला होया आला.

होया म्हणजे एक वेल. जाड, गुळगुळीत, मेण चोळल्यासारखी पानं. फुलं आली तर झुबक्याने येतात, बारीक बारीक चांदण्या एका देठाला जोडून चेंडू करावा तशी, आणि दिवेलागणीला त्यांचा वास अंगणभर सुटतो. यात 'आली तर' हे महत्त्वाचं. आमच्याकडे ती येतच नव्हती. माझ्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितकीच त्या वेलाला आमच्या पडवीत झाली होती. तेवढ्या काळात मला मुलगी झाली, ती शाळेत गेली, मला उलट बोलायला शिकली. होयाने मात्र एक कळी दाखवली नाही.

वेल मला माझ्या आईने दिला. सावंतवाडीला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत आईचा होया होता, गज दिसणार नाहीत इतका पसरलेला. लग्नानंतर पाचपरतावनाला माहेरी गेले, तेव्हा निघताना तिने श्रीखंडाच्या डब्यात रुजवलेली एक फांदी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "प्राजू, तीन गोष्टी ध्यानात ठेव. जागा बदलू नको. कुंडी मोठी करू नको. आणि फुलां गळली तरी देठ तोडू नको, त्याच देठार परत येतत." तळेऱ्याला गाडी बदलताना नवऱ्याने दोन्ही बॅगा घेतल्या आणि मी तो डबा. नवी नवरी दागिने सांभाळते. मी वेल सांभाळत सासरी आले.

आता खरं सांगायचं तर आईचं पहिलं सांगणं मी महिनाभरही पाळलं नाही. कारण होया हे रुसणारं झाड आहे. समुद्राकडचा वारा लागला की रुसणार. ऊन जास्त झालं की पानं पिवळी, कमी झालं की नुसत्याच लांब उघड्या दोऱ्या. मी त्याला पडवीच्या या टोकाला टांगलं, त्या टोकाला टांगलं, न्हाणीघराच्या खिडकीत नेलं, परत आणलं. माझं शिवणाचं मशीन पडवीतच असतं. ब्लाऊज शिवता शिवता मान वर केली की समोर हा. तो तिथे बसलेला, तजेलदार, हिरवागार, आणि निर्लज्ज.

माझा नवरा सर्वेश मोटारी वाइंडिंग करतो, देवगडच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. घरी आला की पहिलं होयाकडे बघून म्हणायचा, "हो होया नाय गो, व्याही आसा. बरी जागा बघून बसलो, खाता-पिता, आणि देणां काय नाय."

आणि मी कुंडी हलवायला घेतली की आतून सासूबाईंचा आवाज यायचाच. "परत हलयतंस? ह्यां घर माझां आसा. माझ्या पडवीत काय खंय टांगूचां तां मी सांगतलंय."

'घर माझां आसा.' हे वाक्य मी या घरात इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. फ्रिज कुठे ठेवायचा, घर माझां आसा. अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचे का, घर माझां आसा. सासूबाईंचं नाव सुगंधा. सासरे अकाली गेल्यावर त्यांनी आंबोळ्या विकून, काजू फोडून हे घर उभं ठेवलं, कौलं स्वतःच्या डोक्यावरून वाहिली. हे सगळं मला मान्य आहे. तरी ते वाक्य आलं की माझ्या कपाळावरची शीर उडायची ती उडायचीच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई देवगडला एका लग्नाला आली आणि तिथून आमच्याकडे आली. एक रात्र. माझी आई कधी एका रात्रीच्या वर राहिली नाही. लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे तिच्या आईने तिला सांगितलं आणि तिने ते अंगावरच्या लुगड्यासारखं धरून ठेवलं. लेकीकडे जेवायचं, चहा घ्यायचा, नातीला खाऊ द्यायचा आणि सकाळची गाडी धरायची. बाबा गेल्यावर तर ती जास्तच कडक झाली. एकटी बाई लेकीकडे जाऊन बसली असं कुणी म्हणायला नको.

त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन पडवीत होयाखाली उभी राहिली. पानं उलटीपालटी करून पाहिली. मग कुंडीतली माती बोटाने उकरली आणि नाकाशी नेली.

"प्राजू, हेका काय घालतंस गो?"

"काय नाय. पाणी."

"पाण्याक बांगड्यांचो वास येता?"

मी उठून वास घेतला. बांगडाच. ताजा नव्हे, मुरलेला. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात कोयता, चेहऱ्यावर काहीही नाही.

"मी वततंय," त्या म्हणाल्या. "मासे धुतलेलां पाणी. काय झालां?"

"आये! कधीपासून?" मी सासूबाईंना विचारलं.

"तां हय इलां तेवापासून."

माझा संताप झाला. इतकी वर्षं मी कुंडी इकडून तिकडे हलवतेय, ऊन मोजतेय, यूट्यूबवर कुठल्या कुठल्या बायकांचं ऐकतेय, आणि इकडे या रोज माझी पाठ वळली की वाटी घेऊन हजर! मी म्हटलं, "आये, तेका असलां चलत नाय!"

"माझ्या कडीपत्त्याक चलता, माझ्या माडाक चलता, हेकाच काय धाड भरली?" सासूबाई माझ्याकडे नाही, आईकडे बघून बोलत होत्या. "सुनेच्या माहेरचां झाड. आमच्याकडे इलां तर काय नुसत्या पाण्यार ठेवतलंय? उद्या सावंतवाडीत लोक सांगतले, कुणकेश्वरात झाड उपाशी मारल्यानी."

आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याच्या ताटात मासा पडला नाही, तर तो पाहुणचारच नव्हे. सासूबाईंनी माझ्या माहेरच्या झाडाला वर्षानुवर्षं ताट वाढलं होतं. आषाढात, बाजारात ताजा मासा नसतो तेव्हा म्हणे सुक्या बांगड्याचं पाणी द्यायच्या.

आई हसू दाबत होती. "विहीणबाई, तुमी तेचां पोट भरलात. पोट भरलेल्याक फुलांची आठवण खंयची? नुसती पानां वाढवीत बसलां तां. आता जरा उपाशी ठेवा. आणि ही जी हलयता ना, तिका पण जरा धरून ठेवा."

म्हणजे शेवटी बोलणी मलाच. आई सकाळच्या गाडीने गेली. होयाचा उपास सुरू झाला.

सासूबाईंनी उपास पाळला, पण मुकाट्याने नाही. मासे धुवून झाले की वाटी हातात धरून पडवीच्या पायरीवर येणार, होयाकडे बघणार आणि मला ऐकू जाईल असं म्हणणार, "काय करतलंस बाबा, तुका माळकरी केल्यानी." मग ते पाणी कडीपत्त्याला. मीही हट्टाला पेटले. कुंडी पडवीच्या पूर्वेच्या वाशाला टांगली, सकाळचं ऊन पडतं तिथे, आणि ठरवलं की आता हात लावायचा नाही. थंडी गेली. शिमगा झाला. पानांवरची ती गुबगुबीत चरबी उतरली, वेल जरा सडपातळ झाला. फूल नाहीच. मी आता त्याच्याकडे बघायचंही सोडून दिलं.

वैशाखात सावंतवाडीच्या खोल्या रिकाम्या करायची वेळ आली. घरमालकाला जुनं पाडून नवं बांधायचं होतं. माझा भाऊ निलेश पुण्याला असतो, आठव्या मजल्यावर. त्याने आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. निलेश चांगला आहे, वहिनी चांगली आहे, उगाच कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आई मागे एकदा तिकडे राहून आली होती, तेव्हा मला एवढंच म्हणाली होती, "खिडकी उघडली की वारो येता गो, माणूस येणा नाय."

सामान हलवताना तिचा होया खिडकीच्या गजांतून सुटेना. कळ्यांनी भरलेला होता. शेवटी कापूनच काढावा लागला. शेजारणीने उरलेला भाग आपल्या दारात लावला, पण चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या आणि वेल सुकला. आईने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. माझी आई फार वाईट वाटलं की हसते. तिच्या त्या हसण्याला मी लहानपणापासून घाबरते.

पुण्याला जाण्याआधी ती आमच्याकडे आली. "दोनच दिवस," दारातच म्हणाली. चॉकलेटी रंगाची, चेन तुटकी झालेली एक मोठी बॅग होती. ती तिने माझ्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आणि उघडलीच नाही म्हणायला हरकत नाही. नेसायची साडी तेवढी काढायची, दुसरी धुऊन वाळली की घडी घालून परत आत. आमच्याकडे कपडे टाकायला दांडी आहे, कपाटात मी तिच्यासाठी एक कप्पा मोकळा केला होता. तिने तिकडे पाहिलंही नाही.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. मला आई इथे हवी होती. मशीनवर बसले की समोर, जेवायला बसले की पलीकडे. तिला पुण्याला पाठवायचं नव्हतं. आणि हे तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण तिच्याकडे उत्तर तयार होतं आणि घर माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. "प्राजू, हय ये. हात लावू नको, नुसतां बघ."

पानांच्या बेचक्यातून एक आखूड देठ बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला हिरवे दाणे. कोवळे धणे एकत्र बांधावेत तसे. मी बघतच राहिले. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याच्यासमोर मला एकदम शरमल्यासारखं झालं.

"आई, कळो?"

"कळोच. म्हयनो तरी लागतलो फुलूक. आता हलयलंस तर सगळे टाकतलो हां."

मी संधी सोडली नाही. "मगे फुलां येयपर्यंत रव. तुझां तिकडचां गेलां. ह्यां तरी बघून जा."

आईने वळून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पायरीवर आडाळ्याला बसून नारळ खवत होत्या. त्यांनी एकदा म्हटलं असतं ना, 'रवा गे विहीणबाई', तर काम झालं असतं. पण नाही. खोबरं झाडत म्हणाल्या, "माका काय इचारतास? झाडां तुमची, तुमका ठाऊक."

माझ्या मनात काय काय आलं! दोन शब्द, फक्त दोन शब्द, तेही या बाईच्या तोंडून निघत नाहीत. पण आईला त्या वेलाने धरलं. तिने निलेशला फोन केला, थोडे दिवस पुढे ढकल म्हणाली.

ते दिवस सुखाचे होते. खोटं कशाला बोलू? आमसुलांचा हंगाम होता. दोघी विहिणी अंगणात चटईवर रातांब्यांची सालं पसरायच्या, हात लालेलाल. फणस फोडायच्या. बोलणं फारसं नाही, दोघींनाही विहीणपणाचा मान सांभाळायचा होता, पण एकीने हात पुढे केला की दुसरी त्यात सुरी द्यायची. दुपारी आई माझ्याजवळ बसून ब्लाऊजना हुकं लावायची, फॉल शिवायची. मी म्हटलं, "जरा पड गो." तर म्हणाली, "खातंय तेवढां काम नको करूक?" हे मात्र मला लागलं. लेकीच्या घरचा घास ती हुकं लावून फेडत होती.

कळ्या मिरीएवढ्या झाल्या, मग हरभऱ्याएवढ्या. आईचं रोज सकाळी पहिलं काम ते. सर्वेशसुद्धा चपला घालता घालता मान वर करून जायचा.

आणि मग कौलं परतायला चंदन आला. पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, परत बसवायची, हे दरवर्षीचं. सासूबाईंना गळकं कौल म्हणजे घरात साप शिरल्यासारखं. एक थेंब पडला तरी चंदनच्या सात पिढ्यांचा उद्धार. म्हणून तोही आमच्याकडे जरा जपूनच काम करतो. मागचं छप्पर झालं, माजघरावरचं झालं, आणि तो पडवीकडे वळला. मी आत माप घेत होते. खिडकीतून मला दिसलं, चंदन शिडी लावून वर चढला आणि कुंडी उतरवायला त्याने हात पुढे केला.

आई पायरीवर बसली होती. ती अर्धवट उठली, तोंड उघडलं, आणि परत बसली. लेकीच्या घरात गड्याला हुकूम कसा करायचा! मी टेप टाकून धावले, पण माझ्याआधी मागच्या दारातून आवाज आला.

"चंदन! तेका हात लावशीत तर खबरदार!"

चंदन शिडीवरच थिजला. "काकी, मगे हेच्या वरची कौलां कशी परतू?"

"नको परतू."

"एक ओळ तशीच ठेवू? थय दोन फुटकी आसत. गळतला."

"गळांदे," सासूबाई म्हणाल्या. "घर माझां आसा."

चंदनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलं. त्याने मुकाट ती ओळ सोडून बाकीची पडवी केली. वरून धूळ पडू नये म्हणून सासूबाईंनी स्वतःचं एक जुनं लुगडं आणून वेलावर अलगद पसरलं, आणि चंदन जाईपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी जेवताना आईने त्यांच्या ताटात न विचारता तळलेल्या मासळीचा मोठा तुकडा वाढला आणि त्यांनी तो सगळा खाल्ला.

होया फुलला तो मृगाच्या सुरुवातीला, तिन्हीसांजेला. आम्ही सगळे घरात, सासूबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. तिथूनच ओरडल्या, "कोणी अत्तर लावल्यान गो?"

मी बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. झुबका उघडला होता. फिकट गुलाबी, मखमलीसारख्या चांदण्या, प्रत्येकीच्या मध्ये आणखी एक बारीक लाल चांदणी, आणि त्यावर पाण्याचा एकेक थेंब चकाकत होता. पण पाणी नव्हे ते, मध. वास असा की मला एकदम सावंतवाडीची पुढची खोली दिसली, बाबा सायकल आत घेताहेत, आणि आई म्हणतेय, खिडकी लावू नका. मला इतका आनंद झाला की मी सर्वेशच्या पाठीत धपाटा घातला.

सर्वेशने होयाला हात जोडले. "चुकलो बाबा. तू व्याही नाय."

सासूबाईंनी करंगळीने एक थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला. जरा वेळ चव घेतली. "गोड आसा," म्हणाल्या. "बांगड्यांचो वास काय नाय."

आई वेलाखाली उभी होती. ती या खेपेला हसली नाही. पदराने डोळे पुसत होती, आणि पुसून झाले तरी परत भरत होते. तिला रडताना बघून मला बरं वाटलं. नवल वाटेल कुणाला, पण मला तिचं हसणं ठाऊक आहे.

झुबका आठवडाभर टिकला. शेजारपाजारच्या बायका संध्याकाळी वास घ्यायला येऊन गेल्या. मग पाऊस धरला, त्या सोडलेल्या ओळीतून पडवीत पाणी ठिबकू लागलं, आणि सासूबाईंनी खाली पितळेची परात ठेवली. चंदनच्या एकाही पिढीचा उद्धार केला नाही. फुलं मलूल झाली, एकेक करून परातीतल्या पाण्यात पडली. उरला तो नुसता देठ, बोटभर, काळपट, त्यावर बारीक खाचा.

निलेशचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. आईने बॅगेच्या चेनला सुतळी बांधली. मी रात्री जागून तिच्यासाठी दोन ब्लाऊज शिवले, आणि शिवताना सगळा राग सुईवर काढला. वेलाने आपलं काम केलं होतं. आता आईला धरायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

रविवारी निलेश आला. घावणे आणि नारळाचा रस खाल्ला, सर्वेशशी पावसाच्या गप्पा मारल्या. आई लांबच्या प्रवासाची साडी नेसून तयार होती. तिने देवाला नमस्कार केला, माझ्या लेकीचा पापा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तेच हसणं. 

सासूबाई पडवीत खुर्चीवर चहा पीत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. निघालेल्या विहिणीच्या हातात नारळ द्यायची रीत, तोही काढून ठेवलेला नव्हता. मला इतकी लाज वाटली! मी नारळ आणायला आत वळणार, तेवढ्यात आई म्हणाली, "येतंय हां विहीणबाई. खूप केलात माझां."

"खंय चललात?" सासूबाईंनी विचारलं.

आई गोंधळली. "पुण्याक."

"आणि ह्यां?" सासूबाईंनी कपाने वर दाखवलं. त्या बोडक्या देठाकडे. "फुलां गळली तरी त्याच देठार परत येतत, असां सांगणारी तुमीच मा? मगे तां कोणी बघूचां?"

"प्राजू आसा की."

"प्राजू!" सासूबाई अशा काही म्हणाल्या की निलेशलाही हसू आलं. "इतक्या वर्सात तिच्या हातान एक कळो येवक नाय. तुमी गेलात की ती हलयत रवतली, आणि मी बांगड्यांचां पाणी वततलंय. माका दम धरवणा नाय. आधीच सांगान ठेवतंय."

आईने पदर सारखा केला. मग खालच्या आवाजात, अगदी खरं तेच म्हणाली, "विहीणबाई, लेकीच्या घराक किती दिवस रवतलंय? बरां दिसणा नाय."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"लेकीचां घर? खंयचां लेकीचां घर?" त्यांचा आवाज चढला, कौलं परतताना चढला होता तसा. "ह्यां घर माझां आसा. तिचां कधी झालां? ती पण माझ्याकडेच रवता. तुमी माझ्या घराक इलास, माझ्या पडवीत बसलास, माझ्या हातचां खाल्लास. माझ्या पावण्यान कधी जावचां तां मी सांगतलंय. मी सांगलंय तुमका जावा म्हणान?"

परातीत थेंब पडत होते तेवढा आवाज. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या आईने तिला लेकीच्या घरचं सांगितलं होतं, विहिणीच्या घरचं नव्हे. मग ती खालीच बसली, पायरीवर, प्रवासाच्या साडीसकट.

आणि मी? ज्या वाक्याने इतकी वर्षं माझं रक्त आटलं, त्या वाक्यासाठी मला त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. पडले असते तर म्हणाल्या असत्या, वाटेत काय लोळतंस, घर माझां आसा.

सर्वेशने पुढे होऊन बॅग उचलली आणि आत नेली. निलेश डोकं खाजवत उभा होता. त्याला वाईट वाटलं की हायसं वाटलं, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. त्याने सासूबाईंना विचारलं, "मगे मावशे, मी आईक नेवक कधी येव?"

"फुलां गळली की ये," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी परत कप उचलला. "पण देठ काय आमी तोडणंव नाय."

निलेश दुपारी जेवून गेला. आईने पुण्याला नातवंडांसाठी फणसाची साठं बांधून दिली. संध्याकाळी तिने सुतळी सोडली, साड्या एकेक करून काढल्या, झटकल्या आणि दांडीवर घातल्या, सासूबाईंच्या लुगड्यांच्या शेजारी. रिकामी बॅग सासूबाईंनी सर्वेशला माळ्यावर टाकायला लावली, गळक्या कौलापासून लांब.